भाडेकरू उठला नाही तर?

दुसरा फ्लॅट घेतोय असं पुण्यात कुणी चार नातेवाइकांत बोललं की अभिनंदनाच्या आधी हा प्रश्न येतो. ‘भाड्याने देणार? आणि उठला नाही म्हणजे?’ विचारणाऱ्याच्या गाठीशी एखादी गोष्ट असतेच. कुणाच्या मावशीचा नारायण पेठेतला वाडा, कुणाच्या सासऱ्यांची गिरगावातली चाळ. भाडेकरू तिसऱ्या पिढीचा आणि भाडं पहिल्या पिढीचं.

ही भीती खोटी नाही, पण जुनी आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७चा. युद्धानंतर शहरांत माणसं लोटत होती, घरं नव्हती, म्हणून भाडी गोठवली गेली, आणि गोठवताना आधार धरला तो १ सप्टेंबर १९४०च्या भाड्याचा. तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था पुढे पन्नास वर्षं टिकली. माझी आजी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायची, भाड्याने. भाडं अठरा रुपये. मालक कौलं चाळून देत नाहीत म्हणून मृगाच्या तोंडावर दरवर्षी तिची चिडचिड व्हायची, आणि आम्हा नातवंडांना ते मालक म्हणजे खलनायक वाटायचे. हिशेब मोठेपणी कळला. सगळ्या बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं एकत्र केलं तरी त्यात त्या वाड्याची एका पावसाळ्याची डागडुजी होत नव्हती. कायद्याने भाडेकरूच्या डोक्यावर छप्पर ठेवलं आणि ते गळत राहील अशी तजवीजही करून ठेवली.

मालकांनी मग वाट काढली. भाडेकरू नकोच, परवानगीने राहणारा ‘लायसन्सी’ ठेवू. तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला ज्यांचा असा परवाना चालू होता, ते सगळे संरक्षित भाडेकरू ठरले. अकरा महिन्यांच्या बोलीवर आलेला माणूस एका तारखेच्या जोरावर कायमचा झाला. त्यानंतर कित्येक घरांना कुलपं लागली ती वर्षानुवर्षं निघाली नाहीत. आपल्याकडची ‘रिकामं राहिलं तरी चालेल, पण भाड्याने नको’ ही वृत्ती मला कंजूषपणापेक्षा त्या पोळण्यातून आलेली वाटते.

आता मात्र काळ बदललाय आणि कायदाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीने, दिलेल्या जागेची मुदत संपली आणि राहणारा उठला नाही, तर मालकाने नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या रांगेत उभं राहायचं नसतं. त्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमलेले आहेत, त्यांच्याकडे अर्ज करता येतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाईही मागता येते. प्रत्यक्षात हेलपाटे पडतात, वकिलाची फी पडते, वेळ जातो. पण तो महिन्यांत मोजायचा असतो, पिढ्यांत नाही. आणि ‘बारा वर्षं राहिला की तोच मालक होतो’ हे जे कट्ट्यांवर ठामपणे सांगितलं जातं, ते तुमच्या परवानगीने, करारावर सही करून राहणाऱ्याला लागू होत नाही. बारा वर्षांचा तो मुद्दा मालकाच्या हक्काला धुडकावून उघडपणे ताबा ठेवणाऱ्याबद्दलचा आहे.

या सगळ्याला एक अट आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. करार नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. ‘वर्षाच्या आतला आहे ना, मग नोटरी चालते’ असं सांगणारे एजंट आजही आहेत. स्टॅम्प पेपरवर दोन पानं टाइप करायची, नोटरीचा शिक्का मारायचा आणि हातात द्यायची. महाराष्ट्रात हे चालत नाही. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तो नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी धरलं जातं, ते खोटं पाडायचं काम मालकाचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहेच.

आणि वाचवायचे किती, तर बघा. भाडं २२,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००, मुदत अकरा महिने धरू. अकरा महिन्यांचं भाडं २,४२,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते साडेपाच हजार. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सहा-सातशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. त्यावर ऑनलाइन नोंदणीचे किरकोळ तीनशे आणि घरी यंत्र घेऊन येऊन अंगठे घेणाऱ्या माणसाची मजुरी. निबंधक कार्यालयात जावंही लागत नाही, आधार कार्ड आणि अंगठा पुरतो. पंचाहत्तर लाखांच्या मालमत्तेसाठी एवढा खर्च जड वाटत असेल, तर घर भाड्याने देण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अकराच महिने का, यालाही सवयीपलीकडे कारण उरलेलं नाही. मी दोन वर्षांचा करार करते, दुसऱ्या वर्षी भाडं किती वाढेल ते त्यातच लिहिते. दर अकरा महिन्यांनी एजंटला दार उघडायचं काम वाचतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही याच कामात उरकून घ्यावं. एजंट ‘झालं’ म्हणतो. झाल्याची पोच आपल्या हातात हवी.

कागद एवढा नीट केला की भाडेकरू उठेल की नाही ही काळजी संपल्यात जमा असते. आणि इथूनच मला जे सांगायचं आहे ते सुरू होतं. आपल्याकडच्या छोट्या घरमालकाचं खरं नुकसान भाडेकरूने घर बळकावल्याने होत नाही. ते होतं न केलेल्या हिशेबामुळे, रिकाम्या महिन्यांमुळे आणि ओल आलेल्या भिंतींमुळे. पण या गोष्टी लग्नाच्या पंगतीत सांगण्याइतक्या रंगतदार नसतात, म्हणून त्यांची भीती कुणी घालत नाही.

हिशेब आधी. बिल्डरच्या ऑफिसात बसलं की ‘भाड्यातून हप्ता निघून जाईल’ हे वाक्य चहाबरोबर येतं. पन्नास लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत: हप्ता ४३,००० च्या वर जातो. तो फ्लॅट भाड्याने जाणार बावीस हजारांना. उरलेले एकवीस हजार दर महिन्याला पगारातून. हे ज्याला वीस वर्षं निभावणार आहे त्याने जरूर घ्यावं, पण ‘निघून जाईल’ म्हणू नये.

कर्ज नाही, सगळे पैसे रोख घातले असं धरू. फ्लॅट पंचाहत्तर लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, बाईच्या नावावर सहा. नोंदणी तीस हजार. थोडंफार लाकूडकाम, गीझर, पंखे, जाळ्या. ब्याऐंशी लाखांपर्यंत आकडा सहज जातो. आता वर्षाचं उत्पन्न. बारा नाही, अकरा महिने धरा, कारण घर बदलताना मध्ये फट पडतेच: २,४२,०००. सोसायटीचा मेंटेनन्स आणि भाड्याने दिल्याबद्दलचं बिनवापर शुल्क मिळून ३९,०००. मालमत्ता कर चौदा हजार. भाडेकरू दोन वर्षं राहिला तरी एजंटचं एक महिन्याचं भाडं दोन वर्षांत वाटून अकरा हजार. रंग, प्लंबर, इलेक्ट्रिशियन मिळून वीस हजार, कधी कमी कधी जास्त. हातात उरतात १,५८,०००. शेकडा दोनही पडत नाहीत. बँकेतली साधी मुदत ठेव याहून जास्त देते आणि तिचा नळ गळत नाही.

मग लोक घेतात कशाला? किंमत वाढेल म्हणून. वाढतेही, पण ती जागेची वाढ असते, भिंतींची नाही, आणि सगळीकडे सारखी नसते. वनाझजवळ २०२२ साली मेट्रो सुरू झाल्यावर त्या पट्ट्याला जी मागणी आली ती शहराबाहेर टँकरवर जगणाऱ्या टॉवरला येईलच असं नाही. माझा आडाखा साधा आहे. ज्या घरापासून नोकरी, इस्पितळ किंवा कॉलेज चालत किंवा एका बसने गाठता येतं, ते घर रिकामं राहत नाही. स्विमिंग पूल आणि क्लबहाउसचं भाडं कुणी वेगळं देत नाही, त्यांचा मेंटेनन्स मात्र मालक दर महिन्याला भरतो. भाड्यासाठी घ्यायचं असेल तर मी नव्या बांधकामापेक्षा राहती सोसायटी बघते. शेजारच्या दाराची बेल वाजवून आज भाडं काय चाललंय ते विचारता येतं, आणि ब्रोशरमधल्या आकड्यापेक्षा ते उत्तर खरं असतं. घर दोनदा पाहावं, एकदा एप्रिलअखेर आणि एकदा जुलैत. एप्रिलमध्ये पाण्याचा टँकर दिसतो, जुलैत ओल. वरचा मजला असेल तर दुसरी फेरी चुकवूच नये. गच्चीची गळती ही सोसायटीने दुरुस्त करायची असते हे खरं, पण सर्वसाधारण सभेत ठराव होईपर्यंत छताला बुरशी येते आणि फोन आपल्याला येतो.

खर्चातल्या दोन बाबी लोकांना उशिरा कळतात. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असेल तर मालमत्ता करात चाळीस टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती जाते. त्यामुळे आदल्या मालकाचं बिल बघून अंदाज बांधू नये. दुसरी बाब सोसायटीची. बिनवापर शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, राज्य सरकारचा तसा आदेश १ ऑगस्ट २००१ पासून आहे, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचा कर धरायचा नसतो. तरी काही सोसायट्या ‘भाडेकरू शुल्क’, ‘शिफ्टिंग चार्जेस’ अशी नवनवी नावं काढत असतात. भांडण न करता आदेशाची प्रत जोडून एक पत्र द्यावं. सेक्रेटरी बहुतेक वेळा निवृत्त बँकवाले असतात. कागदाला मान देतात.

आयकराचं गणित मात्र मालकाच्या बाजूचं आहे. वर्षभरात मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून सरसकट तीस टक्के सूट मिळते, दुरुस्तीवर दमडी खर्च केलेली नसली तरी. कर्जाचं व्याजही वजा होतं. पण व्याज भाड्याहून जास्त असेल तर जुन्या करप्रणालीत दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वळता करता येतो, नव्या प्रणालीत येत नाही. हप्ता मोठा असणाऱ्यांनी प्रणाली निवडताना हे बघावं. ज्यांची मुलं अमेरिकेत आणि फ्लॅट मुलाच्या नावावर बाणेर-बालेवाडीत, अशा आईबाबांसाठी आणखी एक गोष्ट. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून तीस टक्क्यांच्या वर कर कापून भरायचा असतो. देशात राहणाऱ्या मालकासाठी असलेली महिना पन्नास हजारांची मर्यादा तिथे नसते. हे आधी न सांगता नंतर सांगितलं की भाडेकरू आणि मालक दोघांचीही तोंडं कडू होतात. करारावर सही कोण करणार, मुखत्यारपत्र आहे का, हेही त्याच वेळी बघायचं.

आता माणसं. ‘फक्त फॅमिली’ अशी अट आमच्या सोसायटीतही आहे, म्हणजे लिहिलेली नाही, बोलली जाते. माझ्याकडे पहिल्यांदा दोन नर्स राहायला आल्या, एक लातूरची, एक नांदेडची. कमिटीतल्या एका काकांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, ‘ताई, एकट्या मुली? रात्री-अपरात्री येणार-जाणार.’ मी म्हटलं, ‘नाइट ड्यूटी असते हो, येणारच.’ त्यांचं भाडं महिन्याच्या तीन तारखेच्या आत यायचं. पुढे त्याच काकांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्रेसिंग बदलायला कुणाला हाक मारली हे सांगायला नको. पुण्याच्या मध्यवस्तीत एमपीएससीची तयारी करणारी मुलं खाटेच्या हिशेबाने भाडं देऊन राहतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. त्यांच्याकडून पैसे घ्यायला या शहराला लाज वाटत नाही, नावं ठेवायला मात्र जीभ सैल असते. आडनाव, जात, धर्म, ताटात काय आहे हे विचारून निवडलेला भाडेकरू भाडं वेळेवर देतो याचा पुरावा मला तरी मिळालेला नाही. मी नोकरीचं पत्र बघते आणि आधीच्या घरमालकाला फोन करते. सध्याच्या मालकाला नव्हे, त्याच्या आधीच्या. सध्याचा मालक ब्याद जावी म्हणून गोड बोलू शकतो.

डिपॉझिटबद्दल मात्र मला जरा थांबायचं आहे, कारण छोटे मालक इथे सगळ्यात वाईट वागतात आणि त्यांना ते वाईट वाटतही नाही. डिपॉझिट खात्यात जमा झालं की ते आपलं वाटायला लागतं. त्यातून फ्रिज येतो, भाचीच्या लग्नाचा आहेर होतो. मग भाडेकरू जायला निघाला की नवा भाडेकरू शोधायची घाई, कारण त्याच्या डिपॉझिटमधून याचं द्यायचं असतं. नवा मिळेना की याच्या हिशेबात खोट काढायची. भिंतीला खिळा मारला, ओट्यावर डाग पडला, रंगाचे पंचवीस हजार. दोन वर्षं माणसं राहिली तर भिंत मळणारच, त्याचं भाडं आपण घेतलेलं असतं. मी डिपॉझिट वेगळ्या मुदत ठेवीत ठेवते, त्याचं व्याज माझं, मुद्दल भाडेकरूचं. किल्ली देताना सगळ्या खोल्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढते, वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढते, आणि दोन्ही तिथल्या तिथे भाडेकरूला पाठवते. जाताना पुन्हा तसंच. महावितरणचं आणि गॅसचं शेवटचं बिल येईपर्यंत दोन-तीन हजार मागे ठेवायचे, बाकीचे किल्ली हातात आल्याच्या दिवशी द्यायचे. वीजबिल मालकाच्या नावावर असतं आणि थकबाकी त्या मीटरच्या मानगुटीवर बसते, म्हणून एवढी राखण पुरे.

दुरुस्तीत टाळाटाळ केली की ती महाग पडते, हे इंजिनिअरला सांगावं लागत नाही, मालकाला लागतं. ‘काकू, बाथरूमच्या बाहेरची भिंत फुगलीय’ असा फोन आला की त्याच आठवड्यात माणूस पाठवावा. फरशीच्या सांध्यांत पांढरा सिमेंट भरायला दीड-दोन हजार लागतात. सहा महिने थांबलं की ते पाणी खालच्या फ्लॅटच्या छतात उतरतं, मग अख्खं बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग, खालच्यांच्या पीओपीची भरपाई आणि त्या काळात भाडेकरूला कुठे ठेवायचं हा प्रश्न. किरकोळ काय आणि मोठं काय हे करारात लिहावं. बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक भाडेकरूचं. भिंतीतलं पाइप, वायरिंग, गीझर मालकाचं. नंतर वाद घालण्यापेक्षा दोन ओळी बऱ्या.

गेल्या महिन्यात करार संपत आला. भाडेकरू नवरा-बायको, एक लहान मुलगी, दोन वर्षं झालेली. एजंट म्हणाला, ‘मॅडम, बाजार पंचवीसचा आहे, यांना काढू, नवीन पार्टी आणतो.’ मी कागद घेतला. पंचवीसने वर्षाला ३६,००० जास्त येणार. नवा येईपर्यंत महिना रिकामा, बावीस हजार गेले. एजंटला पंचवीस हजार. रंग तीस हजारांच्या खाली होत नाही. पहिल्या वर्षी चाळीस-एक हजार उलट माझ्या खिशातून, आणि दुसऱ्या वर्षीच्या ३६,००० मधूनही ते पुरते भरून निघत नाहीत. शिवाय येणारा कसा असेल ते देव जाणे. मी भाडेकरूला फोन करून तेवीस सांगितले. तो म्हणाला, ‘चालेल काकू, पण किचनचा एक्झॉस्ट बदलून द्याल का?’ इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय.